सत्तराचा पाढा आणि तेंदूचा हिशेब

टप्प्याने मोजणे म्हणजे एकेक संख्या न उच्चारता ठरावीक अंतराने पुढे जाणे. मराठी शाळेत पाठ होणारा प्रत्येक पाढा ही अशीच मोजणी असून, पावकी, निमकी, पाऊणकी या जुन्या उजळण्यांत तर हे अंतर पूर्ण एकाचेही नसते. अशा समान अंतराच्या रांगेला गणितात अंकगणिती श्रेढी म्हणतात, आणि पहिली संख्या व लगतच्या दोन संख्यांतील फरक एवढे कळले की तिची पुढची सारी पदे ठरून जातात. गुणाकार झटपट व्हावा एवढ्यासाठीच पाढे पाठ करायचे असतात, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पाढ्यात पुन्हापुन्हा येणारी अंकांची रचना हिशेबातील चूकही दाखवून देते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील तेंदूपत्त्याचा हंगाम हा या दुसऱ्या उपयोगाचा जिवंत दाखला आहे.

ऐन उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तोडलेली पाने घरी आणून जुळवली जातात, त्यांचे पुडे बांधले जातात आणि ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून दिले जातात. येथे एका पुड्यात 70 पाने असतात, मजुरीचा दर शंभर पुड्यांवर, म्हणजे शेकड्यावर, बोलला जातो आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते. त्यामुळे शेकड्यात 7,000 आणि गोणीत 70,000 पाने येतात. शेजारच्या छत्तीसगडमध्ये पुडा 50 पानांचा असतो, आणि या एका फरकाने मोजणीचे रूपच पालटते. पन्नासाच्या पाढ्यात शेवटचे दोन अंक 50 किंवा 00 एवढेच असल्याने संख्या पाहताक्षणी पारखता येते. सत्तराच्या पाढ्यात मात्र एककस्थानी नेहमी शून्य असले तरी दशकस्थानी 7, 4, 1, 8, 5, 2, 9, 6, 3, 0 असे दहाही अंक एकेकदा येऊन जातात आणि मग तीच साखळी पुन्हा सुरू होते.

या साखळीचे कारण सोपे आहे. सातची भर घालणे म्हणजे दहा मिळवून तीन वजा करणे, त्यामुळे तो अंक दर टप्प्याला तीनने उतरतो आणि शून्याखाली जाऊ लागला की त्यात दहा मिळतात. सात आणि दहा या सहमूळ संख्या आहेत, म्हणजे एकाखेरीज त्यांना दुसरा सामाईक विभाजक नाही, म्हणूनच एकही अंक वगळला जात नाही. चारच्या पाढ्यात एककस्थानी 4, 8, 2, 6, 0 हे पाचच अंक फिरतात, कारण चार आणि दहा या दोहोंना दोनने भाग जातो. आणि सहाच्या पाढ्यात शून्यापूर्वीचे तेच अंक उलट क्रमाने येतात, कारण चार आणि सहा मिळून दहा होतात. पाने हाती घेऊन मोजताना हीच विभाज्यता कामी येते : पाचपाचने मोजल्यास चौदाव्या टप्प्याला पुडा बरोबर भरतो, तर चारचारने मोजणाऱ्याचे सतरा टप्पे 68 वर संपतात आणि दोन पाने वेगळी लक्षात ठेवावी लागतात.

समजा, वहीत पानांची एकूण संख्या 4,640 लिहिली आहे. शेवटचे शून्य बाजूला ठेवून उरलेल्या 464 ला सातने भागले, तर 66 वेळा भाग जाऊन दोन उरतात. अर्थात 66 पुडे भरून 20 पाने उरली, आणि फळीवर तर पुरे पुडेच दिले जात असल्याने एखादा पुडा अपुरा आहे किंवा बेरीज चुकली आहे, हे पुडे न सोडताही कळते. या कसोटीला मर्यादाही आहे : अख्खा एक पुडा लिहायचा राहिला तर बेरीज सत्तराच्या पाढ्यातच राहते आणि चूक लपते, म्हणून पुड्यांची गणना स्वतंत्रपणे करावीच लागते.

पाढा शून्यावरून निघतो, परंतु टप्प्यांची प्रत्येक मोजणी तेथूनच निघते असे नाही. ताडोबासह देशभर होणारे व्याघ्रगणन 2006, 2010, 2014, 2018, 2022 असे चार वर्षांच्या अंतराने झाले. यांपैकी एकाही वर्षाला चारने भाग जात नाही, पण प्रत्येक वेळी बाकी दोनच उरते. 1881 पासून 2011 पर्यंत दशवार्षिक जनगणनेची वर्षे अशीच एक या अंकाने संपत गेली. 26 ऑगस्ट 1982 रोजी स्वतंत्र झालेल्या गडचिरोली जिल्ह्याची पहिली जनगणना त्यामुळे 1991 ची ठरली. टप्पा किती लांबीचा आहे हे फरक सांगतो आणि तो कोठून सुरू झाला याची खूण बाकी सांगते.

2006 च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूची विक्री स्वतः करू लागल्या, तेव्हा वहीची जबाबदारीही गावाकडे आली. प्रत्येक पुड्यात एकच पान कमी पडले तरी शेकड्यामागे शंभर पाने, म्हणजे एका पुड्याहून अधिक माल, घटतो. उलट एकेक पान जास्त गेले तर तेवढाच माल तोडणाऱ्याच्या पदरचा फुकट जातो. सत्तराचा पाढा ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना ही घट किंवा वाढ दुसऱ्याने सांगावी लागत नाही, म्हणून जंगलाच्या या मुलखात पाढ्यांची उजळणी शाळेपुरती न राहता गावाच्या कारभाराचाही भाग ठरते.