‘राजपूत’ विनाशिका



खानदेशाला समुद्र नाही. पण आपली तापी सुरतेपलीकडे त्यालाच मिळते. तेव्हा ही कथाही आपलीच.

१९४२ साली ब्रिटनमध्ये जलावतरण झालेली ‘रॉदरहॅम’ आपण १९४९ साली घेतली व तिला ‘राजपूत’ हे नाव दिले. ‘रणजित’ व ‘राणा’ या तिच्या भगिनी. स्वतंत्र भारताच्या या पहिल्या विनाशिका.

३ डिसेंबर १९७१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास विशाखापट्टणमजवळ ‘राजपूत’ने पाण्यात स्फोटके टाकली. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी तिथेच बुडाली. या माऱ्याने, की तिच्याच पोटातील स्फोटाने, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मुलांना कथा सांगाल तेव्हा हा वादही सांगा. एकोणतीस वर्षांचे जुने जहाज त्या अंधारात बंदराबाहेर पडले, एवढे त्याच्या खलाशांच्या मानाला पुरेसे आहे.