पाण्याची जागा पाण्याला



आज मी तुम्हांला पाण्याच्या जागेबद्दल चार गोष्टी सांगणार आहे. माणसाला राहायला घर लागते. गुराला गोठा लागतो. तशी पाण्यालाही जागा लागते. ती आपण घेतली, तर पाणी आपल्या घरात येऊन बसते.

तुम्ही आता वाचू लागला आहात. तेव्हा आपल्या शहरातल्या पाट्या जरा वाचून पाहा. भिवंडीत बंदर मोहल्ला आहे. खाडीपार आहे. नदीनाका आहे. ही नावे कोणी उगीच ठेवलेली नाहीत. येथे गलबते लागत होती. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण आणि भिवंडी घेतली. त्यानंतर याच खाडीच्या आधाराने त्यांचे आरमार उभे राहू लागले. आज खाडी पुष्कळ ठिकाणी बुजली आहे. नावे मात्र राहिली आहेत. आणि पावसाळ्यात पाणी त्या जुन्या पत्त्यावर बरोबर येते!

हे पाणी येते कोठून? आपली कामवारी नदी तालुक्यातल्या डोंगरांकडून येते. भिवंडीजवळून वाहते आणि पुढे उल्हास नदीच्या खाडीला मिळते. उल्हास घाटाच्या बाजूने निघते. कर्जत, बदलापूर, कल्याण करीत ती वसईपाशी समुद्राला जाते. समुद्राची भरती याच वाटेने उलट चढते, ती कल्याणपर्यंत येते. म्हणजे भिवंडीला पाणी दोन बाजूंनी येते. वरून गोडे, खालून खारे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती यांची गाठ पडली, की वरचे पाणी उतरत नाही. ते थांबते, फुगते आणि आडवे पसरते.

२६ जुलै २००५ हा दिवस तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारावर उतारूंना बाहेर काढावे लागले. पाणी काही कोणाचे वैरी नाही. पण त्याला पसरायला जागा हवी.

ती जागा कोणती? नदीकाठची सखल जमीन, भातखाचरे, खाजण आणि तिवरांचे रान. खाजण म्हणजे भरतीचे पाणी जेथे येते ती सखल, खारी जमीन. पुराचे पाणी अशा जागी बसते. गाळ खाली टाकते. मग ओहोटी लागली की सावकाश निघून जाते.

आता एक हिशोब करू. एक एकर जागेवर एक फूट पाणी उभे राहिले, तर ते किती होईल? सुमारे सव्वाबारा लाख लिटर! दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर १२३ टँकर झाले. आता कोणी त्या एकरावर दगडमाती टाकली आणि जागा वर उचलली. मग ते १२३ टँकर पाणी जाणार कोठे? ते शेजाऱ्याकडे जाणार. वरच्या वस्तीला ते पोचत नाही. ते सखल वस्तीत, यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाच्या खोलीत शिरते. त्याचे अंथरूण भिजते. डब्यातले तांदूळ भिजतात. पोरांची वह्यापुस्तके भिजतात. भरणी करणारा एक, भरपाई करणारा दुसरा.

आता झाडांकडे वळू. खाडीतल्या झाडांना कोणी तिवर म्हणतात, कोणी कांदळ म्हणतात. खरे पाहता ती वेगवेगळी झाडे आहेत. तिवराचे पान तोडून जिभेला लावून पाहा. खारट लागेल. हे झाड खारे पाणी पिते आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळे वर आलेली दिसतात. ती झाडाची नाके आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून झाड वर नाक काढून श्वास घेते. त्या नाकांवर मलबा पडला किंवा प्लास्टिक गुंडाळले गेले, की झाड गुदमरते. कुऱ्हाड न लावताही ते मरते.

कांदळाचे बी तर झाडावरच रुजते. लांब शेंगेसारखा कोंब खाली लोंबतो आणि मग चिखलात पडतो. पांढरी चिप्पी नावाचे झाड पाण्याच्या अगदी कडेला उभे राहते. २०२० साली महाराष्ट्र सरकारने पांढऱ्या चिप्पीला राज्याचे कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. जेथे पाणी थोडे गोडसर असते, तेथे काटेरी पानांची मरांडी वाढते. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. या झाडांच्या मुळांत कोळंबी, चिंबोरी, निवटी आणि माशांची पिल्ले आसरा घेतात. कोळी बांधवाची टोपली भरते ती या रानामुळे.

वर गोड्या पाण्याच्या ओढ्याकाठी वेगळी मंडळी असते. उंबर, जांभूळ, करंज. त्यांची मुळे काठ धरून ठेवतात. काठ ढासळला नाही, तर नदीत गाळ कमी येतो.

कोणी विचारील, “मास्तर, जे रान गेले ते परत येईल का?” येईल. पण एक चूक टाळली पाहिजे. पुष्कळदा आपण आधी रोपे लावतो, फोटो काढतो आणि घरी जातो. वर्षाने पाहावे तर एकही रोप नाही. का बरे? कारण तेथे भरतीचे पाणीच येत नव्हते. वाट भरावाने अडली होती. रस्त्याखालची मोरी गाळाने बुजली होती.

म्हणून आधी पाण्याची वाट मोकळी करावी. मलबा उचलावा. मोरी साफ करावी. रोज दोनदा भरती येऊ द्यावी आणि दोनदा ओहोटी जाऊ द्यावी. तिवराचे बी पावसाळ्यात पिकते आणि पाण्यावर तरंगत येते. जागा योग्य असली, तर ते स्वतःच रुजते. जेथे बी पोचत नाही तेवढ्याच ठिकाणी रोप लावावे. तेही त्या जागेचेच असावे. खाऱ्याला तिवर, गोड्याला उंबर. उलट करू नये. मग दोन-तीन वर्षे राखण करावी. कचरा येऊ देऊ नये, गुरे येऊ देऊ नयेत.

गोदामे आणि कारखाने नकोत, असे मी म्हणत नाही. पूर्णा, काल्हेर, दापोडे, मानकोली या बाजूला जेथे भात पिकत होता, तेथे आज गोदामे आहेत. तेथे आपल्याच पोरांना काम मिळते. ज्याची जमीन आहे त्यालाही लग्नकार्य आहे, दवाखाना आहे. त्याला दोष देऊन भागणार नाही. पण उंच जागी बांधा. पाण्याच्या वाटेत बांधू नका. एवढाच शहाणपणा हवा. आणि तिवरांनी सगळा पूर थांबतो, असेही कोणी समजू नये. ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी येणारच. पण ते गुडघाभर येते की गळाभर, हे आपण किती जागा राखली यावर ठरते.

कायदाही आपल्या बाजूला आहे. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाविषयी मोठा निकाल दिला. कांदळवन तोडू नये. त्यात मलबा टाकू नये. भोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यात बांधकाम करू नये. आणि जे नष्ट झाले, ते पूर्वीसारखे करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने सांगितले. आपल्या जवळची ठाण्याची खाडी तर २०२२ साली रामसरच्या यादीत गेली. पाणथळ जागा राखण्यासाठी १९७१ साली इराणमधील रामसर गावी अनेक देशांनी करार केला, त्याची ही यादी. साऱ्या जगाने ज्या खाडीला मान दिला, तिच्या शेजारी आपण राहतो.

मग आपण काय करायचे? रात्री ट्रक येतो, खाजणात मलबा टाकतो, सकाळी निघून जातो. आपण पाहतो आणि गप्प बसतो. पूर्वी म्हणत होतो, “आम्हांला लिहिता येत नाही.” आता ते म्हणता येणार नाही. तारीख लिहा. जागा लिहा. काय पाहिले ते दोन ओळींत लिहा. खाली दहा जणांनी सह्या करा आणि अर्ज तहसीलदार कचेरीत द्या. पोच घ्यायला विसरू नका.

अंगठ्याच्या जागी सही करायला तुम्ही शिकलात. ती सही पहिल्यांदा अशा अर्जावर पडली, तर पुढच्या पावसाळ्यात कोणाच्या तरी घरातले तांदूळ कोरडे राहतील.