दहाव्याचं प्रवचन

(शतकमहोत्सवी सप्ताहात केलेल्या भाषणावरून)

विणेकरी, चोपदार, टाळकरी-मृदंगी मंडळी आणि डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माय-माउल्यांनो, दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून चार शब्द बोला, असं आम्हाला सांगितलं. इतिहास सकाळी शिकलेल्या मंडळींनी चांगला सांगितला. आमची शाळा चौथीपर्यंत. आम्ही दहाव्याच्या प्रवचनाविषयी बोलणार. उत्सवात हा विषय नको, असं दोघातिघांनी सुचवलं. पण ज्यांच्या घरातला कर्ता माणूस स्वतःचा जीव देऊन गेला, अशी घरं या मंडपात बसली आहेत. त्यांना बाजूला ठेवून उत्सव कसला?

अशा घरी दहाव्याला कीर्तनकार बोलवतात. तिथं दोन तऱ्हेचं बोलणं कानावर येतं. एक म्हणतो, आत्महत्या महापाप, त्याला गती नाही. समोर बायको बसलेली, शेजारी दहा वर्षांचं पोरगं, डोकं भादरलेलं. त्या पोरानं काय घेऊन घरी जायचं? दुसरा उलटा. तो म्हणतो, सुटला बिचारा, घरादारासाठी जीव दिला. मागं उभे असलेले कर्जातले चारजण हे ऐकतात, आणि त्यांना ती वाट बरी वाटायला लागते. आम्ही दोन्ही बोलत नाही. आम्ही म्हणतो, हा माणूस आजारी होता, दुःखानं घेरला होता, आणि आपल्यातल्या कुणाला दिसलं नाही. कसा गेला हे दहाव्याला सांगत बसायचं नाही. ते ऐकून दुसऱ्याच्या डोक्यात तेच घोळतं.

विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंची कथा सगळ्यांना पाठ आहे. देहांत प्रायश्चित्त सांगितलं, आणि चार लेकरं मागं ठेवून ते जोडपं गेलं. लोक त्याग म्हणून डोळे पुसतात. आम्ही कथा लावतो तेव्हा आळंदीच्या त्या निवाडा देणाऱ्यांना उभं करतो. वाळीत कुणी टाकलं? पाणी कुणी तोडलं? आज वाळीत टाकायला पंचायत बसत नाही. बँकेची नोटीस येते, कृषी सेवा केंद्रवाला भर बाजारात उधारी मागतो, सोयरे लग्नाला बोलवत नाहीत. झालं वाळीत.

कुणी म्हणतं, माळकरी माणूस असं करत नाही. हा भ्रम आधी काढून टाका. तुकोबारायांचं दिवाळं निघालं होतं. दुष्काळात थोरली बायको गेली, लेकरू गेलं. आपल्याला लाज वाटली हे त्यांनी स्वतः अभंगातून सांगून ठेवलं. जगद्गुरूला लाज सांगता येते आणि आपल्याला शेजाऱ्यापाशी सांगता येत नाही! खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, तीही भावाच्या वाट्याची त्याला देऊन, आपल्या वाट्याची. सावकारीच्या घरात जन्मलेल्या माणसानं हे केलं, हे आमच्या भागातल्या सावकारांनी जरा कान देऊन ऐकावं.

१९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे बायको-लेकरांसह गेले. त्या दिवशी आता गावोगाव शेतकरी अन्नत्याग करतात. करपे गावचे सरपंच राहिलेले होते. म्हणजे ओळखीपाळखी नसलेला माणूस नव्हे. माणसांत असूनही माणूस एकटा पडतो, ते असं.

सरकार २००६ पासून अशा घराला १ लाख देतं, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्यातही पात्र-अपात्र आहे. बिनपरवाना सावकाराचं कर्ज कागदावर धरत नाहीत. मेलेला माणूस अपात्र, हा शब्द त्या बाईनं कसा ऐकावा? बरं, बेकायदा सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या कायद्यानं जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो, पंधरा वर्षांपर्यंतचा व्यवहार असला तर. हे माणूस जिवंत असताना सांगायचं असतं.

आता दिंडीचं. मुक्कामाला कुणी मागं राहिलं तर चोपदार परत माघारी जातो. तंबूत पंगत बसली आणि एक ताट रिकामं दिसलं की विचारपूस होते. वारीचे पंधरा-वीस दिवस हे सगळं होतं, आणि गावी आलं की बंद. रोज हरिपाठाला येणारा आठ दिवस आला नाही, जेवण तोडलं, रात्री ओसरीवर बसून राहायला लागला, दारू वाढली, आपला टाळ दुसऱ्याला देऊन टाकला, किंवा लई दिवसांच्या कुढण्यानंतर एकदम गप शांत झाला, तर त्याच्या घरी जायचं. उपदेश करायला नाही. बसायचं, चहा घ्यायचा आणि सरळ विचारायचं, "दादा, जीव नकोसा झालाय का?" विचारल्यानं त्याच्या डोक्यात नवीन काही येत नाही, हे डॉक्टर लोकही सांगतात. उलट छातीवरचा दगड हलतो. तो हो म्हणाला तर त्याला त्या रात्री एकटं सोडायचं नाही, आणि सकाळी दवाखान्यात न्यायचं. मनाच्या दवाखान्यात गेला म्हणून कुणी वेडा होत नाही. आता कायदाही बदललाय. ज्यानं प्रयत्न केला त्याला गुन्हेगार धरायचं नाही, त्याच्यावर उपचार करायचे, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. म्हणून पोलिसांच्या भीतीनं लपवू नका.

फवारणीचं औषध घरात, माळ्यावर, खाटेखाली ठेवायचं नाही. दोन-तीन घरांनी मिळून एक पेटी करावी, कुलूप घालावं, किल्ली दुसऱ्याच्या घरी. हसू नका. रागाची, दुःखाची ती घटका टळली की पुष्कळ माणसं वाचतात.

मागं राहिलेल्या बाईविषयी एकच सांगतो. आमच्या दिंडीत तीन वर्षांपूर्वी अशी एक माउली आली. मागं मागं चालायची, पाणी वाढायलासुद्धा पुढं येईना. विणेकऱ्यांनी विचारून तिच्या डोक्यावर तुळस दिली. कुरकुर झाली. विधवेच्या डोक्यावर तुळस कशी, असं एका बाईनंच म्हटलं. विणेकरी म्हणाले, तुळशीनं काही तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी ती आपल्या पोरालाही घेऊन आली. तिची सातबाऱ्यावरची वारस नोंद मात्र दीराच्या आडमुठेपणानं अडली होती. तलाठ्याकडं आमच्यातले तिघं बरोबर गेले, तेव्हा झाली. अशा कामाला जायला अभंग पाठ लागत नाहीत.

१४४१६ हा नंबर आहे. टेलिमानस म्हणतात त्याला. पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलतात. दिंडीच्या ट्रकच्या फाळक्यावर आपण तो पिवळ्या रंगानं लिहून घेतलाय. ज्याला वाचता येत नाही, त्यानं नातवाकडून मोबाईलात घालून घ्यावा. महाप्रसादानंतर नातवंडं इथंच हिंडतात, त्यांना धरा.

रामकृष्ण हरी.