गर्भातील व्यंगाचे निदान आणि मातापित्यांचा निर्णय



दसरा-दिवाळी आटोपली की बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. टोळीतील एखादी स्त्री तीन महिन्यांची गरोदर असेल, तर १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीची तिची वेळ उसाच्या फडातच निघून जाते. बाळाचा कणा नीट मिटला आहे की नाही, हे मुख्यत्वे त्या तपासणीतच कळते.

गर्भधारणेनंतरच्या पहिल्या २८ दिवसांत गर्भाच्या मज्जारज्जूची नळी मिटावयास हवी. ती उघडी राहिली म्हणजे ‘स्पायना बायफिडा’ हा दोष उद्भवतो. ग्रहणात विळी हाती धरल्याने असे घडते, ही समजूत निराधार असून तिच्यापायी कित्येक मातांना उगाच बोल लागतो. या दोषाचे रूप सर्वत्र सारखे नसते. फट जितकी वर, तितके पाय दुर्बळ. मलमूत्रावरील ताबा बहुधा राहत नाही आणि डोक्यात पाणी साठू शकते. परंतु जन्मानंतर दोन-तीन दिवसांत पाठ शिवली, डोक्यातील पाण्याला नळीने वाट करून दिली, तर अशी पुष्कळ मुले शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकतात. त्यांना ठरावीक तासांनी नळीने मूत्राशय रिकामे करावे लागते. म्हणून शाळेतील उतरता रस्ता आणि कडी लागणारे स्वच्छ शौचालय यांचे मोल त्यांच्यासाठी औषधाइतकेच आहे. मुंबईत परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात अशा मुलांवर उपचार होतात. पण धारूरहून परळ किती दूर, हे इथल्या माणसाला सांगावयास नको.

हे सर्व ऐकून कोणी मूल वाढवावयाचे ठरवील, कोणी गर्भपाताचे. दोन्ही निर्णय जड आहेत आणि दोन्ही कायदेशीर आहेत. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा पूर्वी २० आठवड्यांपाशी थांबत असे. निदान पक्के होईतो मुदत संपलेली असे. २००८ साली मुंबईतील एका दांपत्याने गर्भाच्या हृदयदोषामुळे त्यापुढे परवानगी मागितली, ती उच्च न्यायालयाने नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीने चित्र पालटले. गंभीर व्यंग असल्यास दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत आणि वैद्यकीय मंडळाच्या निदानाने त्यापुढेही गर्भपात करता येतो. मंडळाने तीन दिवसांत मत द्यावयाचे असते. स्त्री सज्ञान असेल तर संमती केवळ तिची. पतीची वा सासऱ्याची सही कायदा मागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ३२ आठवडे उलटलेल्या एका प्रकरणात मंडळाचे मत प्रतिकूल होते. तरी निवडीचा हक्क त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नव्हे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने दिला.

बीड जिल्ह्यात या विषयाला आणखी एक काटा आहे. २०११ च्या जनगणनेत येथे सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली भरल्या. तेव्हापासून सोनोग्राफीचे नाव निघाले की माणसे दबकून बोलतात. लिंग सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. व्यंग शोधणे हा नाही. संशयाने पाहणाऱ्या शेजाऱ्यांमुळे एखादी स्त्री तपासणीच टाळत असेल, तर ते कायद्याचे पालन नव्हे.

आता प्रतिबंधाविषयी. नळी मिटते तेव्हा बहुतेकींना दिवस गेल्याचे उमगलेलेही नसते. त्यामुळे फोलिक आम्लाची गोळी गर्भधारणेच्या आधीच सुरू व्हावी लागते. सर्वसाधारण मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम. पहिल्या गर्भाला हा दोष असलेल्या मातांना ४ मिलिग्रॅमची मात्रा दिल्यावर पुनरावृत्ती सुमारे ७० टक्क्यांनी घटली, असे १९९१ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. ही मोठी मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची. नवविवाहित जोडपी कोयता घेऊन निघतात, तेव्हा मुकादमाच्या उचलीचा हिशेब चोख होतो. त्याच दिवशी आशा कार्यकर्तीकडून गोळ्यांची पाकिटे आणि गरोदर असेल तिला सोनोग्राफीची तारीख लिहिलेले माता-बाल संरक्षण कार्ड मिळणे अवघड नाही; टोळी निघण्याचा दिवस तर गावात सर्वांनाच ठाऊक असतो.