रानडुक्कर आणि आमच्या गटातलं एक कर्ज

चुलीपुढे असाल, नाहीतर वावरातून येऊन नुकतेच पाय धुतले असतील. रेडिओचा आवाज जरा वाढवा, आणि घरातल्या गड्यांनाही जवळ बसवा. आज आपण रानडुकराबद्दल बोलणार आहोत.

पुष्कळजणी म्हणतील, त्याच्याबद्दल काय बोलायचं? दिसलं की हाकलायचं. आम्हीही तेच म्हणत होतो. पण मागच्या वर्षी आमच्या बचत गटात एक गोष्ट घडली, आणि या जनावराची माहिती करून घेणं आम्हाला भाग पडलं.

दसऱ्यानंतरची बैठक होती. हलकं धान निसवलं होतं, दाणा दुधात होता. गटातल्या एका ताईने 6,000 रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "तारेसाठी." कोणती तार, हे सांगावं लागलं नाही. धुऱ्यावर खुंट्या ठोकून बारीक तार ओढायची आणि रात्री विजेच्या लाइनवर आकडा टाकून तिच्यात करंट सोडायचा. दोन रात्रींत डुकरांनी तिची अर्धी बांधी लोळवली होती. घरात लहान लेकरं, वर खताची उधारी. तिचं चुकतं असं कोणाला वाटलं नाही. आम्ही वहीत तिचं नाव लिहायलाही घेतलं.

तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक काकू बोलल्या. "माझा भाऊ असाच गेला. पहाटे पाणी पाहायला निघाला होता. तार दिसली नाही. ज्याने लावली तो काही वैरी नव्हता, त्याच्या लग्नात आम्ही जेवलो होतो."

वही मिटली. पण धान तर उभं होतं, डुकरं तर येणारच होती. तेव्हा असं ठरलं की कर्ज नाकारायचं नाही, पंधरा दिवस थांबवायचं. तोवर गटातल्या दोघी-दोघींनी पाळीपाळीने ताईच्या घरच्यांसोबत जागल करायची. आणि हे जनावर येतं कधी, कुठून, का, ते नीट पाहायचं. आम्ही वनरक्षकांना विचारलं, मोहफुलं वेचून आयुष्य काढलेल्या आजींना विचारलं, आणि मचाणावर बसून डोळ्यांनी पाहिलं. जे समजलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, कळप बायांचा असतो. आपण समजतो की सुळेवाला मोठा डुक्कर पुढारी असेल. तसं नाही. कळपात असतात आया, त्यांच्या वयात आलेल्या लेकी आणि पिल्लं. पुढे चालते ती जाणती मादी. पाणी कुठे, चारा कुठे, धोका कुठे, हे तिला ठाऊक असतं. नर पोरं मोठी झाली की कळप सोडतात. पूर्ण वाढलेला नर एकटाच हिंडतो आणि माजाच्या दिवसांत कळपाजवळ येतो. म्हणून एकटा मोठा डुक्कर दिसला तर तो नर, आणि पाच-दहा एकत्र दिसली तर ते मायलेकींचं घर समजा.

दुसरी गोष्ट, वाढ. गावडुकराचा मूळ पूर्वज हे रानडुक्करच, त्यामुळे गाभणपणाचा हिशेबही सारखाच. तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. साधारण 115 दिवसांत मादी विते. विण्याआधी ती कळपापासून बाजूला होते आणि गवत, फांद्या, पालापाचोळा ओढून झुडपात घरटं करते. एका वेताला बहुतेक 4 ते 6 पिल्लं, कधी जास्तही. पिल्लांच्या अंगावर लांब फिक्के पट्टे असतात, वाळक्या गवतात ती दिसूच नयेत म्हणून. चार-सहा महिन्यांत पट्टे जातात. पोटभर खायला मिळालं तर मादी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच विऊ लागते. आता हिशेब करा. कळपात तीन आया असतील तर एका हंगामात डझनभर पिल्लं वाढू शकतात. त्यांतली बरीच वाघ, बिबट, रानकुत्रे आणि रोग यांत जातात. पण गावाजवळ वाघ-रानकुत्रे कमी, लपायला घाणेरीची झुडपं भरपूर, आणि बारा महिने काही ना काही पीक उभं. आधी धान, मग हरभरा, मग उन्हाळी मका किंवा भुईमूग. आपणच त्यांना वर्षभराचं ताट वाढून ठेवलं आहे.

तिसरी गोष्ट, नाक. रानडुकराची नजर अधू, पण कान तिखट आणि नाक त्याहून तिखट. जमिनीखालचा कंद, भुईमुगाची शेंग, अळी, गांडूळ त्याला वासावर कळतं. त्याच्या नाकाच्या शेंड्याला गोल, टणक चकती असते आणि आत आधाराला हाड असतं. त्या नाकाडाने तो नांगरासारखी जमीन उलटतो. धान नसलं तरी तो धुरा का उकरतो, हे आम्हाला तेव्हा समजलं. तो ओल्या मातीतली गांडुळं आणि किडे शोधतो. आपला मात्र धुरा फुटतो आणि बांधीतलं पाणी निघून जातं.

हेच नाक आपल्यालाही उपयोगाचं. न्हाव्याच्या दुकानातले केस वावरभोवती टाकतात, अंड्याचं सडकं पाणी शिंपडतात, जुनी लुगडी टांगतात, ते त्याला माणसाचा किंवा ओळखीचा नसलेला वास यावा म्हणून. याने काही रात्री निभतात. पण जनावर हुशार आहे. वास येतो पण माणूस येत नाही, हे त्याला चार-आठ दिवसांत कळतं. म्हणून एकच उपाय हंगामभर चालत नाही. पावसाने वासही धुऊन जातो. उपाय बदलत राहायचा, आणि तो दाणा भरायच्या दिवसांसाठी राखून ठेवायचा. पेरल्यापासून लावून ठेवला तर गरजेच्या वेळी तो जुना झालेला असतो.

चौथी गोष्ट, चिखल. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. अंग थंड करायला त्याला चिखलात लोळावं लागतं. चिखल वाळला की तो झाडाला अंग घासतो, त्याबरोबर गोचिड्याही निघतात. नाल्याकाठच्या एखाद्या झाडाच्या बुंध्याला गुडघ्या-मांडीएवढ्या उंचीवर वाळका चिखल आणि राठ केस चिकटलेले दिसले, तर ती त्याची रोजची वाट आहे. ताईच्या वावराच्या खालच्या अंगाला असंच एक पळसाचं झाड निघालं. कळप दर रात्री त्याच कोपऱ्यातून येत होता, आणि घरचे मचाण बांधून बसले होते वरच्या कोपऱ्यात, कारण तिकडून रस्ता जवळ! मचाण हलवलं, त्या कोपऱ्यात दिवा ठेवला, त्याच रात्रीपासून फरक पडला.

चिखलातला खूरही ओळखायला शिका. हरणाचे दोन खूर उमटतात. डुकराच्या दोन खुरांच्या मागे, जरा बाहेरच्या बाजूला, दोन लहान टोकंही उमटतात. नुकसान कोणी केलं, हे पंचनाम्याच्या वेळी सांगायला ही खूण कामी येते.

आता जिवाची गोष्ट. रानडुक्कर माणूस शोधत येत नाही. चाहूल लागली तर आधी पळतो. पण तीन वेळा तो उलटतो. पिल्लं जवळ असली तर, जखमी असला तर, आणि चहूबाजूंनी कोंडला तर. नराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून सुरीसारखे धारदार राहतात, आणि तो खालून वर मारतो. म्हणून जखम मांडीला, पोटरीला होते आणि रक्त फार जातं. मादीचे सुळे लहान, पण ती चावते. मोहफुलाच्या दिवसांत आपण पहाटे अंधारात झाडाखाली जातो. मोहफूल डुकरालाही आवडतं. म्हणून एकटीने जायचं नाही, बोलत, काठी आपटत जायचं. पट्ट्यांची पिल्लं दिसली की जागच्या जागी थांबून मागे सरायचं, कारण आई जवळच असते. हाकलताना त्याला पळायला एक बाजू मोकळी ठेवायची. तो सरळच पळतो, वळत नाही, यावर विसंबू नका. चांगला वळतो. झाडावर, मचाणावर चढणं बरं. चावा किंवा जखम झालीच, तर रक्त धो-धो वाहत असेल तर आधी स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि लगेच दवाखाना गाठा. बाकी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना भरू नका. दवाखान्यात रेबीजच्या लसीबद्दल विचारा.

आता त्या तारेकडे येऊ. लाइनचा करंट सतत वाहतो. हात चिकटला की स्नायू आवळतात, सुटत नाही. त्या तारेला डुक्कर, गाय, वाघ, माणूस सगळे सारखे. विदर्भात अशा तारांनी वाघही गेले आणि शेतकरीही गेले. रानडुकराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पिकाचा उपद्रव झाला तर वनखात्याकडे रीतसर अर्ज करता येतो, पण परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे. वीज चोरणं वेगळा गुन्हा, आणि माणूस दगावला तर त्याहून मोठा.

झटका मशीनचं वेगळं असतं. ती सौर पाटीवर चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालते. तारेत करंट सतत नसतो. सेकंदा-दीड सेकंदाला एक झटका येतो, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. जनावर दचकून मागे होतं, मरत नाही. पण मशीन खात्रीचीच घ्यायची, आणि तिची तार लाइनला कधीच जोडायची नाही. डुक्कर बहुतेक वेळा कुंपण उडी मारून पार करत नाही, खालून नाकाड घालून रेटतो. म्हणून खालची तार जमिनीपासून फूटभरावरच हवी, आणि तिच्याखालचं गवत कापलेलं हवं. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो.

सोळाव्या दिवशी पुन्हा बैठक झाली. ताईच्या वावराला लागून गटातल्याच आणखी तिघींची वावरं आहेत. चौघींना वेगळं कुंपण घालण्यापेक्षा चारही वावरांना मिळून एकच घेर घातला तर तार कमी लागते आणि मशीन एकच पुरते. चौघींना प्रत्येकी 4,000 रुपये दिले. भावाची आठवण सांगणाऱ्या काकूंनी स्वतः ठरावावर पहिली सही केली.

सगळं छान झालं असं सांगणार नाही. एकदा बॅटरी उतरली, एकदा गवत वाढलं, आणि दोन्ही वेळा डुकरं आत शिरली. चौघींनी मिळून सात-आठ पोत्यांचं धान गमावलं असेल. पण त्याआधीच्या वर्षी एकट्या ताईचंच तेवढं गेलं होतं. कर्जाचे हप्ते चौघींचेही वेळेवर आले. रब्बीत हरभऱ्याच्या चारही बाजूंनी करडईच्या चार ओळी पेरल्या. तिचे काटे डुकराला टोचतात, वासही नकोसा होतो, आणि आपल्याला तेल मिळतं. मक्याभोवती एरंडही लावतात.

नुकसान झालंच तर रडत बसून बांधी सारखी करू नका. आधी खुरांचे आणि पिकाचे फोटो काढा, त्याच दिवशी वनरक्षकांना कळवा आणि अर्ज द्या. वन, महसूल आणि कृषी खात्याची माणसं मिळून पंचनामा करतात. सातबारा बहुतेक घरी सासऱ्यांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असतो, आणि "मिळतात किती, कशाला खेटे घालायचे" म्हणून अर्जच जात नाही. आम्ही गटात दोघींना अर्ज लिहायचं काम दिलं आहे. सही घरधन्याची, पाठपुरावा आमचा.

शेवटी एक सांगतो. रामटेकच्या गडावर वराहाची मोठी दगडी मूर्ती आहे, वाकाटकांच्या काळातली. आपल्या पूर्वजांनी या जनावराला देव मानलं आणि वावरातूनही हाकललं. जंगलात तो माती उलटतो, मेलेलं खाऊन साफ करतो, आणि वाघ-बिबट्याचं पोट भरतो. जंगलात तो कमी झाला तर वाघ-बिबट आपल्या गोठ्याकडे येतील. तेव्हा त्याला जंगलात राहू द्यायचं आणि आपलं धान आपल्या घरी आणायचं. दोन्ही करायचं आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कोणाच्या वावरात कुठल्या कोपऱ्यातून डुक्कर येतो, कोणाची वावरं लागून आहेत, ते एका कागदावर काढा. आणि कोणाच्या धुऱ्यावर रात्री आकडा पडतो, हे माहीत असेल तर गप्प बसू नका. त्या घरी दोघी-तिघी मिळून जा, भांडायला नव्हे, बोलायला. त्याच धुऱ्यावरून पहाटे आपलंच कोणीतरी जाणार असतं.