मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका नेत्रवैद्यांनी केलेले भाषण)



लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १९४९ साली हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले. युद्धात विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतूनही डोळा ते निमूटपणे सहन करतो, हे त्यांनी हेरले होते. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगे स्वस्तात बनविली आणि जाड काचांचे ते चष्मे आपल्या घरांतून हद्दपार होऊ लागले.

‘मोतीबिंदू परत आला’ अशी तक्रार वर्षा-दोन वर्षांनी कानी येते. काढलेला मोतीबिंदू परत येत नसतो. भिंग ज्या पातळ पिशवीत बसवितात, तिची मागची बाजू उरल्यासुरल्या पेशींच्या वाढीने धूसर होते. याग लेसरने तिला मधोमध झरोका पाडतात. काही मिनिटांचे काम. ना टाका, ना पट्टी.

खरे भय आहे ते डोळ्याच्या आत होणाऱ्या जंतुसंसर्गाचे. हजारात एखाद्यालाच, कित्येकदा त्याहूनही कमी जणांना तो होतो. पण बहुधा पहिल्याच आठवड्यात होतो, आणि मग तासांचा हिशेब असतो. वाढता ठणका, लाली, कमी होत जाणारी नजर ही त्याची लक्षणे. वेळीच डोळ्यात औषध टोचले तर दृष्टी वाचू शकते. आता आपल्या घरांत काय होते पाहा. गावाहून आईला बोलावून आपण इथे शस्त्रक्रिया करवितो. डॉक्टर इथली भाषा बोलतात, आईला मराठीवाचून दुसरी येत नाही. प्रश्न तिला, उत्तर मुलाचे : ‘ठीक आहे!’ रात्री ठणका लागला तरी, सूनबाईला सकाळी कचेरी आहे म्हणून ती माउली उशी आवळून पडून राहते. म्हणून पहिले दहा दिवस रोज सायंकाळी तिचा दुसरा डोळा झाकून भिंतीवरच्या ‘कालनिर्णया’तील तारखा वाचून घ्या. काल दिसलेली तारीख आज दिसत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका.

महिना-दीड महिन्याने दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येऊन नजर मंदावू शकते. ती बहुधा थेंबांनी उतरते. डोळ्यासमोर विजा चमकणे, काळे ठिपके एकाएकी वाढणे, कडेने पडदा सरकल्यासारखे वाटणे म्हणजे दृष्टिपटल सुटत असल्याची शंका. हे कित्येक वर्षांनीही घडते, उणे नंबर मोठा असलेल्यांत अधिक. त्याच दिवशी दाखवावे.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या गृहस्थांनी शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे (संकोच नको!), त्या औषधाने डोळ्यातील रंगीत पडदा सैल पडतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

आणि बदलीच्या नोकरीतील मंडळींनो, भिंगाचा नंबर असलेले छोटे कार्ड रुग्णालयातून मागून घ्या व ते रेशनकार्डाइतकेच जपा. उद्या दुसऱ्या शहरात भिंग सरकले वा बदलावे लागले, तर तिथला डॉक्टर पहिल्यांदा तेच मागेल.