मुलासाठी पियानोचे शिक्षक

मुलाला पियानो शिकायचाय, आता शिक्षक हवेत. मुंबई-पुण्यात घरी शिकवणारे बरेच सापडतात. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभागच आहे.

जाहिरातीत बहुधा एकच गोष्ट ठळक दिसते: ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या परीक्षांचे निकाल. त्यातही ग्रेड आठ, म्हणजे सगळ्यात वरची. निकाल चांगला असण्यात गैर काहीच नाही. पण वर्षभर त्याच तीन-चार रचना घोटून परीक्षा पास होता येते, आणि नवं पान समोर आलं की मूल गडबडतं. म्हणून सरळ विचारा, स्वरलिपी पहिल्यापासून वाचायला शिकवता का?

एक तास बसून पाहण्याची परवानगीही मागा. तिथे मुलांच्या हातांकडे बघा. खांदे वर गेलेत, मनगट ताठ झालंय आणि शिक्षक गप्प आहेत? मग दुसरीकडे चौकशी केलेली बरी. जाणते शिक्षक अडलेली ओळ आधी एकेका हाताने, अगदी सावकाश वाजवून घेतात. नुसतं “पुन्हा पहिल्यापासून” म्हणत नाहीत.

वाद्याचा प्रश्न निघेलच. पियानोला 88 पट्ट्या, साध्या कीबोर्डला बहुधा 61, त्याही हलक्या. त्यावर सुरुवात होते, पण बोटांना वजनाची सवय लागत नाही. लगेच महागडा पियानो घ्यायला लावणाऱ्यांपासून मात्र जरा सावध! आणि हो, बुडालेला तास भरून मिळतो का, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.